क्लाउडफ्लेअरचा फुकट प्लॅन: आरत्यांच्या साइटवर दोन गणपती वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. मराठी मजकुराची छोटी साइट असेल, होस्टिंग स्वस्तातलं शेअर्ड (एकच सर्व्हर अनेक साइटांत वाटलेला) असेल आणि वर्षातून ठरावीक दिवशी अचानक लोकांची झुंबड उडत असेल, तर क्लाउडफ्लेअरचा, म्हणजे साइटच्या पानांच्या प्रती जगभर ठेवून वाचकाला जवळून देणाऱ्या सेवेचा, फुकट प्लॅन लावाच. एक पैसा न देता एवढं काम करणारं दुसरं काही मला अजून मिळालेलं नाही. पण लावला की झालं असं समजू नका, कारण मी तसंच समजले होते आणि पुढचे सात-आठ महिने साइट आहे तिथेच होती.

माझी साइट आरत्यांची आहे. आरत्या, थोडी स्तोत्रं, व्रतांच्या पूजासाहित्याच्या याद्या. बाबांच्या हातची जाडजूड वही होती, ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बसून टाइप केली आणि वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) टाकली, एवढंच. रोज फारसं कोणी येत नाही, संकष्टीला चंद्रोदयाच्या आधी थोडी वर्दळ वाढते, नवरात्रात वाढते, आणि गणेश चतुर्थीला संध्याकाळी साडेसात ते साडेआठ या एका तासात जे होतं ते वर्षभरात कधीच होत नाही. लोकांच्या एका हातात निरांजनाचं ताट असतं, दुसऱ्या हातात फोन, पहिलं कडवं सगळ्यांना पाठ असतं आणि तिसऱ्याला फोन लागतो. त्या क्षणी पान उघडलं तर उपयोग, पाच मिनिटांनी उघडलं तर आरती संपलेली असते.

१९ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे चतुर्थीच्याच संध्याकाळी, साइट बसली. ५०८ चा एरर, रिसोर्स लिमिट संपली असा. होस्टिंगवाल्यांचं नाव घेत नाही, त्यांच्या सपोर्टनं सांगितलं की तुमच्या प्लॅनमध्ये एकाच वेळी ठरावीक इतक्याच पीएचपी प्रोसेस (पानं तयार करणारी कामं) चालतात, जास्त हव्या तर मोठा प्लॅन घ्या. एका संध्याकाळसाठी वर्षभराचे पैसे भरायचे का, हा प्रश्न होता. गुहागरहून मामांचा फोन आला, "अगं तुझं ते पान नुसतं गोल गोल फिरतंय, आम्ही शेवटी जुनं पुस्तक काढलं." मला फार लागलं ते.

मग सीडीएनच्या मागे लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गणपतीच्या मूर्ती पेणला घडतात, पण चतुर्थीच्या सकाळी सगळा महाराष्ट्र पेणच्या कारखान्यासमोर रांग लावत नाही, मूर्ती आधीच गावोगावच्या मांडवांत येऊन बसलेल्या असतात आणि परदेशातल्यांच्या तर कितीतरी आधी जहाजानं गेलेल्या असतात. सीडीएन म्हणजे तेच. तुमचा सर्व्हर हा पेणचा कारखाना, आणि सीडीएनची शहराशहरांतली केंद्रं म्हणजे मांडव, तिथे तुमच्या पानांच्या प्रती ठेवलेल्या असतात, वाचकाला जवळच्या मांडवातून प्रत मिळते आणि कारखान्यावरचा भार उतरतो. क्लाउडफ्लेअर २०१० पासून हे करतंय आणि त्यांची केंद्रं आता ३३० हून जास्त शहरांत आहेत, भारतात मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद वगैरे आहेतच, आपल्या नागपुरातही आहे.

बसवायला किती वेळ लागतो? खातं काढून डोमेन टाकायचं, ते तुमचे सध्याचे डीएनएस रेकॉर्ड (डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्याच्या नोंदी) शोधून यादी दाखवतात, मग दोन नेमसर्व्हर (या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर) देतात, ते डोमेन जिथून घेतलं तिथे जाऊन बदलायचे. माझं सगळं मिळून अर्ध्या तासात झालं आणि नेमसर्व्हर लागू व्हायला काही तास गेले. पण तीन ठिकाणी थांबा.

एक, ती यादी डोळे झाकून मान्य करू नका, जुन्या होस्टिंगच्या पॅनेलमधली यादी शेजारी उघडून एकेक ओळ ताडून बघा, विशेषतः मेलचे रेकॉर्ड. आपोआप शोधलेल्या यादीत एखादं सबडोमेन राहून जाऊ शकतं, आणि मेल बंद पडली तर ते दोन दिवस कळतही नाही. यादीत प्रत्येक ओळीपुढे ढगाचं चित्र असतं, नारिंगी ढग म्हणजे ट्रॅफिक क्लाउडफ्लेअरमधून जाणार, राखाडी म्हणजे थेट सर्व्हरवर. मेलच्या सर्व्हरचा ढग राखाडीच हवा, कारण नारिंगी ढग फक्त वेबचं ट्रॅफिक पुढे नेतो, मेलचं नाही. दोन, डोमेनवर डीएनएसएसइसी (डीएनएसच्या नोंदींवरची डिजिटल सही) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलायच्या आधी ते बंद करा, नाहीतर नवे नेमसर्व्हर आणि जुनी सही यांचा मेळ बसत नाही आणि बऱ्याच लोकांना साइट दिसेनाशीच होते. नंतर क्लाउडफ्लेअरकडून परत चालू करता येतं.

तीन, एसएसएलची, म्हणजे साइटचा रस्ता कुलूपबंद करण्याची, सेटिंग. इथे फ्लेक्सिबल, फुल आणि फुल स्ट्रिक्ट असे प्रकार आहेत. फ्लेक्सिबलमध्ये वाचकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंत रस्ता कुलूपबंद असतो, पण तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत उघडा. माझ्या सर्व्हरवर आधीच एसएसएल होतं आणि साध्या पत्त्यावरून येणाऱ्याला एचटीटीपीएसकडे पाठव असा नियमही होता, मी फ्लेक्सिबल निवडलं, मग सर्व्हर म्हणतोय एचटीटीपीएसवरून ये, क्लाउडफ्लेअर परत साध्या रस्त्यानंच विचारतंय, आणि ब्राउझर सांगतोय फार वेळा रीडायरेक्ट झालं. फुल स्ट्रिक्ट केलं आणि दोन मिनिटांत सुटलं. तुमच्या सर्व्हरवर सर्टिफिकेट नसेल तर क्लाउडफ्लेअर स्वतःचं ओरिजिन सर्टिफिकेट फुकट देतं, १५ वर्षांपर्यंतच्या मुदतीचं, ते बसवा आणि स्ट्रिक्टच ठेवा. लोक आपल्याकडे ईमेल, नाव देतात, अर्धा रस्ता उघडा ठेवणं मला पटत नाही.

आता मुख्य मुद्दा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मी हे सगळं केलं, ढग नारिंगी झाले, डॅशबोर्डवर आलेख दिसायला लागले आणि मला वाटलं झालं काम. मग जून २०२४ मधली अंगारकी आली आणि संध्याकाळी साइट पुन्हा धापा टाकायला लागली. तेव्हा पहिल्यांदा लॅपटॉपवर ब्राउझरचं नेटवर्क टॅब उघडून बघितलं. सर्व्हरकडून येणाऱ्या हेडरमध्ये (पानासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींत) सीएफ-कॅश-स्टेटस नावाची ओळ असते, फोटो आणि फॉन्ट यांच्यापुढे हिट लिहिलेलं, म्हणजे ते जवळच्या केंद्रातून आलेले, पण आरतीच्या पानापुढे डायनॅमिक. म्हणजे प्रत्येक पान प्रत्येक वेळी माझ्या त्या बिचाऱ्या शेअर्ड सर्व्हरवरूनच तयार होऊन येत होतं.

कारण असं की क्लाउडफ्लेअर मुळात फाइलच्या एक्स्टेन्शनवरून ठरवतं काय साठवायचं. फोटो, सीएसएस, जावास्क्रिप्ट, फॉन्ट, पीडीएफ हे साठवतं, एचटीएमएल पान साठवत नाही. आणि त्यांचं बरोबरच आहे, कुणाचं बँकेचं पान असेल, कुणाचा दुकानाचा कार्ट असेल, ते साठवून दुसऱ्याला दाखवलं तर अनर्थ. पण आरतीचं पान सगळ्यांना सारखंच दिसतं! माझ्या साइटवर सर्व्हरला घाम फुटतो तो फोटोंनी नाही, वर्डप्रेस दरवेळी डेटाबेसला विचारून तेच पान नव्यानं बनवतं त्यानं. म्हणजे जे साठवायला हवं तेच साठवलं जात नव्हतं. हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते, म्हणून इतकं लांबण लावून लिहितेय.

उपाय फुकट प्लॅनमध्येच आहे, कॅश रूल्स नावाचा (कॅश म्हणजे साठवलेल्या प्रती). नियम असा केला की साइटवरचं सगळं साठव, पण वर्डप्रेसच्या ॲडमिनची पानं सोड, लॉगिनचं पान सोड, सर्च सोड, आणि ज्याच्याकडे लॉगिनची किंवा कॉमेंट लिहिणाऱ्याची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची खूण) आहे त्यालाही सोड. शेवटचं अजिबात विसरू नका. वर्डप्रेसवर एकदा कॉमेंट केलेल्या माणसाला पुढच्या वेळी नाव आणि ईमेल आधीच भरून दिसतं, ते भरलेलं पान जर साठवलं गेलं तर त्या माणसाचा ईमेल साइटवर येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल. मी नियम लावायच्या आधी दोन वेगवेगळ्या ब्राउझरमधून कॉमेंट करून हे तपासलं आणि शेवटी कॉमेंटच बंद करून टाकल्या, त्याऐवजी मेलचा पत्ता दिला. संपर्काचा फॉर्म असेल तर तेही पान नियमातून वगळा, वर्डप्रेसच्या फॉर्ममध्ये सुरक्षेसाठी एक छुपा कोड असतो, तो जास्तीत जास्त २४ तास चालतो, जुनं साठवलेलं पान मिळालं की फॉर्म पाठवला जात नाही आणि लोकांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

हा नियम लावल्यावर त्याच संध्याकाळी पान परत उघडलं, पहिल्यांदा मिस (केंद्रात प्रत नव्हती), दुसऱ्यांदा हिट. ७ सप्टेंबर २०२४ च्या चतुर्थीला संध्याकाळी मी आरती करता करता मधूनच होस्टिंगचं पॅनेल बघत होते, सर्व्हरवर एरवीच्या मंगळवारी असतो तेवढाच भार. मामांना मुद्दाम फोन केला, उघडलं का? म्हणाले कधीच, शेजारतीसुद्धा झाली. तो आनंद मला शब्दात सांगता येणार नाही.

२७ ऑगस्ट २०२५ ला तर आणखी एक गोष्ट झाली. त्या संध्याकाळी आमच्या होस्टिंगवाल्यांचा सर्व्हरच बराच वेळ बंद होता, पॅनेलसुद्धा उघडेना. तरी आरत्यांची पानं चालू होती! ज्याची मुदत संपलेली नाही अशी प्रत केंद्रात असेल तर क्लाउडफ्लेअर मूळ सर्व्हरला विचारायलाच जात नाही. सर्च करणाऱ्यांना ५२२ चा (मूळ सर्व्हर उत्तर देत नाही असा) एरर दिसला असणार, पण थेट आरतीच्या लिंकवर आलेल्यांना काही कळलंच नाही.

आता साठवलेलं काढून टाकायचं काम, ज्याला पर्ज म्हणतात, त्याबद्दल. इथे मी एक चूक केली आणि ती तुम्ही करू नये. एका निवृत्त शिक्षिकांची मेल आली की शंकराच्या आरतीत पहिल्याच शब्दात 'थ'च्या जागी 'ल' पडलाय. बाबांच्या वहीत बरोबर होतं, टाइप करताना माझ्या तोंडात बसलेला उच्चार बोटांत आला. लगेच दुरुस्त केलं, क्लाउडफ्लेअरमध्ये जाऊन त्या एका पानाचा पत्ता देऊन पर्ज केलं, काही सेकंदांत जगभरच्या केंद्रांतून जुनी प्रत गेली, स्वतः बघितलं, बरोबर दिसतंय. बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर, माझ्याकडे अजून तेच दिसतंय.

झालं होतं असं की कॅशचे दोन थर असतात. एक क्लाउडफ्लेअरच्या केंद्रातला, तो आपल्या हातात आहे, बटण दाबलं की रिकामा. दुसरा वाचकाच्या फोनमधल्या ब्राउझरचा, आणि त्याला सांगितलेलं असतं की इतके दिवस हीच प्रत वापर, परत विचारायला येऊ नकोस. मी ब्राउझरची मुदत सरसकट सात दिवस ठेवली होती. त्या बाईंच्या फोनमधली प्रत मी इथून कशी काढणार? नाहीच काढता येत. सात दिवस त्यांना चुकीचाच शब्द दिसत राहिला आणि आणखी किती जणांनी तसाच म्हटला देव जाणे. तेव्हापासून पानांसाठी केंद्रातली मुदत एक महिना आणि ब्राउझरची मुदत अगदी काही मिनिटांची, फोटो आणि फॉन्टसाठी मात्र ब्राउझरमध्येही लांबलचक. सगळं एकदम काढायचं पर्ज एव्हरीथिंग बटण आहे, पण गर्दीच्या वेळी ते दाबू नका, सगळ्या प्रती एकदम गेल्या की सगळी गर्दी पुन्हा तुमच्या सर्व्हरवर येऊन पडते.

फॉन्टचं निघालंच आहे तर सांगते, देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे इंग्रजीपेक्षा बराच जड असतो. मी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं बनवलेला 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरते, आधी तो गूगलवरून यायचा, आता स्वतःच्याच साइटवर ठेवलाय, म्हणजे तोही त्याच केंद्रातून त्याच जोडणीवरून येतो आणि फोनला आणखी एका पत्त्यावर धावावं लागत नाही. फरक जाणवतो.

परदेशातल्या वाचकांसाठी एक गोष्ट लक्षात घ्या, प्रत्येक केंद्राची साठवण वेगळी असते. मुंबईत हिट आहे म्हणून न्यू जर्सीत हिट असेलच असं नाही, तिकडे पहिला माणूस येईपर्यंत ते पान तिथे नसतंच, आणि फार दिवस कोणी मागितलं नाही तर मुदत संपायच्या आधीही काढून टाकतात. टायर्ड कॅश म्हणून सेटिंग आहे, फुकट आहे, ते चालू करा, मग छोटी केंद्रं थेट तुमच्या सर्व्हरकडे न येता आधी मोठ्या केंद्राला विचारतात. तुम्हाला कुठलं केंद्र मिळतंय ते बघायला साइटच्या पत्त्यापुढे स्लॅश, सीडीएन-सीजीआय, स्लॅश, ट्रेस असं इंग्रजीत टाइप करा, कोलो या ओळीपुढे विमानतळाचा कोड दिसतो, मुंबई असेल तर बीओएम. अमेरिकेतल्या बहिणीला नेवार्कचा ईडब्ल्यूआर दिसतो. हे केंद्र नकाशावरच्या अंतरानं ठरत नाही, तुमची नेट कंपनी कुठून जोडलेली आहे त्यावर ठरतं, त्यामुळे एकाच घरात वायफायवर एक आणि मोबाइल डेटावर दुसरं दिसू शकतं.

आणि कोकणातल्यांसाठी खरं सांगायचं तर सीडीएन टॉवरचं काही करू शकत नाही. गणपतीला सगळी मुंबई गावी येते, एका टॉवरवर दहापट फोन, तिथे केंद्र कितीही जवळ असलं तरी शेवटचा टप्पा तोच. तिथे उपाय एकच, पान हलकं करा. मी मुखपृष्ठावरचा मोठा फोटो काढला, आरतीच्या पानावर चित्रच ठेवलं नाही. मामांच्या वाडीत दोन काड्या रेंजवर पान येतं ते त्यामुळे.

फुकट प्लॅनच्या मर्यादाही आहेत. केंद्रातली मुदत आपण ठरवायची तर ती कमीत कमी दोन तास, त्यामुळे क्रिकेटचा स्कोअर किंवा बातम्या दाखवणाऱ्यांनी आधी विचार करावा. एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल अपलोड होत नाही. फुकटवाल्यांना फोनवर मदत नाही, कम्युनिटीत विचारायचं. आणि त्यांच्या अटींत आहे की साध्या सीडीएनवरून व्हिडिओ वाटायचे नाहीत, फोटो-ऑडिओ वगैरे जड फाइलींचं प्रमाणही अवाजवी नको. माझ्याकडे बाबांच्या आवाजातल्या आरत्या आहेत, त्या मी अटी वाचल्यावर त्यांच्याच आर-टू साठवणीत हलवल्या, महिन्याला १० जीबीपर्यंत साठवण फुकट आणि बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे नाहीत. कार्ड मात्र द्यावं लागतं.

मोठी चिंता वेगळीच आहे. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअरच जगभर कोलमडलं होतं, आपल्या वेळेप्रमाणे संध्याकाळी पाचच्या आसपास सुरू झालं आणि मुख्य ट्रॅफिक सुरळीत व्हायला रात्रीचे आठ वाजले. हल्ला नव्हता, डेटाबेसच्या परवानग्या बदलताना बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची एक फाइल दुप्पट मोठी झाली आणि ती वाचणारं सॉफ्टवेअर बंद पडत गेलं, असं त्यांनी स्वतःच सविस्तर लिहून जाहीर केलं. त्या वेळी डॅशबोर्डलाही फटका बसला होता, म्हणजे ढग राखाडी करून थेट सर्व्हरवर जाऊ म्हटलं तरी अनेकांना लॉगिनच करता येत नव्हतं. बरोबर आरतीची वेळ! जगातल्या इतक्या साइट एकाच कंपनीच्या मागे उभ्या असणं मला बरं वाटत नाही. म्हणून सगळ्या आरत्यांची एक पीडीएफ केली आणि चतुर्थीच्या आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर पाठवते, फोनमध्ये असली की कुणावरच अवलंबून राहायला नको.

दुसरे पर्यायही बघितले. ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंटमध्ये महिन्याला १ टीबीपर्यंत फुकट आहे पण त्यांचं सेटिंग माझ्यासारखीला फार किचकट वाटलं. बनी नावाची स्लोव्हेनियातली कंपनी आहे, ती वापराप्रमाणे पैसे घेते, महिन्याला किमान १ डॉलर, पॅनेल फार सुटसुटीत आहे, आणि ज्यांना नेमसर्व्हर हलवायचे नाहीत, फक्त फोटो-फाइली वाटायच्या आहेत, त्यांनी तेच घ्यावं असं मला वाटतं.

२०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. कुणाला लावायचं असेल तर नेमसर्व्हर ऑगस्टमध्येच बदला, ऐन गणपतीत नको. आणि आदल्या दिवशी प्रत्येक पान एकदा स्वतः उघडा, म्हणजे तुमच्या जवळच्या केंद्रात प्रती भरलेल्या असतील. मी आदल्या रात्री तेच करते, एकेक आरती उघडायची, मिस दिसला की परत उघडायची, सगळीकडे हिट आलं की लॅपटॉप मिटून मोदकाचं सारण करायला घ्यायचं.